घरातल्या डीव्हीडींचा बॅकअप घ्यायला सॉफ्टवेअर कुठलं? (नाटकं, भजनं, लग्नं)

अबोली_फोंडा
नमस्कार मंडळी,

चवथीच्या साफसफाईत बाबांची ट्रंक माळ्यावरून खाली काढली. बाबा पेटीवर साथ करायचे, अंत्रुज महालातल्या (म्हणजे आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या भागातल्या) जत्रांची नाटकं, भजनं, कुठे कुठे जायचे त्याला मोजमाप नव्हतं. २००४ पासून पुढे सात-आठ वर्षं लोक शूटिंग करून त्यांना डीव्हीडी आणून द्यायचे, त्या सगळ्या त्यांनी ठेवल्यात, प्रत्येकीच्या कव्हरवर गावाचं नाव आणि नाटकाचं नाव त्यांच्याच अक्षरात. मोजल्या तर ६४ निघाल्या, त्यात आम्हा दोघी बहिणींची लग्नं पण आली. बाबा जाऊन तीन वर्षं झाली.

आता अडचण अशी की बऱ्याच डिस्कवर पांढरी बुरशी धरलीय, उजेडात तिरकी धरली की बारीक मुळांसारखी जाळी दिसते. एक डिस्क लावून बघितली, नांदी नीट चालली, पहिला प्रवेश चालला, आणि दुसऱ्या पदाला बाबांनी पेटीवर सूर धरला तिथेच चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि सगळं अडकलं. परत परत लावलं, तिथेच अडकतं.

गेल्या आठवड्यात तीन सॉफ्टवेअर उतरवून बघितली. एकाने पहिली पाच मिनिटंच कॉपी केली आणि पुढच्यासाठी पैसे मागितले, दुसऱ्याने बाबांच्या तोंडावरून आपलं नाव आडवं छापलं, तिसऱ्याने ब्राउझरमध्ये नको त्या गोष्टी भरल्या. माझ्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही, यजमानांच्या जुन्या कॉम्प्युटरला आहे, त्यावर विंडोज १० आहे. फुकट आणि विश्वासाचं असं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? दुकानातून घेतलेल्या सिनेमांच्या पण वीसेक डीव्हीडी आहेत, त्यांचंही सांगा.

डिचोलीकर
हँडब्रेक. दुसरं काही बघू नका. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००३ पासून चालू आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. डिस्क घाला, हँडब्रेक उघडा, डिस्क निवडा, प्रीसेटमध्ये ५७६पी२५ वालं निवडा (आपल्याकडच्या डीव्हीडी ‘पाल’ या टीव्ही-पद्धतीच्या असतात, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम), स्टार्ट दाबा. एमपी४ फाईल तयार. मी घरच्या सगळ्या अशाच केल्या. फक्त त्यांच्या स्वतःच्या साईटवरूनच उतरवा, शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातीवरून नको.

सोलकढी
ताई, सॉफ्टवेअरच्या आधी डिस्क धुवा!! नळाच्या पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसताना मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. गोल पुसलं आणि चरा पडला तर तो चरा डेटाच्या रेषेबरोबरच धावतो, मग तो ड्राइव्हला दुरुस्त करता येत नाही. आडव्या चऱ्याचं तेवढं नुकसान होत नाही. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात लावू नका. आणि वरची बाजू जर घरच्या प्रिंटरवर छापलेली असेल तर तिला पाणी लागू देऊ नका, शाई सुटते.

रातांबा
डिचोलीकर भाऊ, हँडब्रेक चांगलंच आहे, मी पण वापरतो, पण या कामाला ते पहिलं पाऊल नाही असं माझं ठाम मत आहे. हँडब्रेक कॉपी करत नाही, ते व्हिडिओ नव्याने एन्कोड करतं. म्हणजे डिस्कवरचं एमपीईजी-२ उलगडायचं आणि परत दुसऱ्या पद्धतीने आवळायचं, त्यात थोडं तरी जातंच. शिवाय बुरशी लागलेली डिस्क असेल तर ते अर्ध्यावर अडकेल आणि कुठे किती गेलं ते कळणार पण नाही.

लग्नाच्या, नाटकाच्या डीव्हीडीला कसलंही कुलूप नसतं. व्हीडिओ_टीएस नावाचा फोल्डर असतो, त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा फाईली. एक व्हीओबी १ जीबीच्या वर जात नाही म्हणून एकच नाटक चार-पाच तुकड्यांत दिसतं, लोक घाबरतात की नाटक तुटलं, तसं काही नाही. अशा डिस्कची आधी जशीच्या तशी प्रतिमा घ्यायची, म्हणजे आयएसओ फाईल. विंडोजवर इमगबर्न घ्या, त्यात ‘क्रिएट इमेज फाईल फ्रॉम डिस्क’ असं बटण आहे, फुकट आहे. एक आयएसओ जास्तीत जास्त ४.७ जीबी. ६४ डिस्क म्हणजे ३०० जीबी पण पुरते होणार नाहीत, १ टीबीच्या हार्ड डिस्कचा तिसरा भाग सुद्धा भरत नाही. एवढ्यासाठी बारीक करत बसायचं कशाला?

आयएसओ झाली की विंडोज १० मध्ये तिच्यावर डबल क्लिक केलं की डिस्क घातल्यासारखीच उघडते, मेनू, चॅप्टर सगळं शाबूत. मग त्या आयएसओवरून हँडब्रेक कितीही वेळा चालवा, मूळ डिस्कला परत हात लावायला नको.

डिचोलीकर
रातांबा, पण घरात आयएसओ बघणार कोण? आई टीव्हीला पेनड्राइव्ह लावते आणि बघते. तिला माउंट करा, व्हीएलसी उघडा असं सांगून चालतं का? म्हणून म्हटलं एमपी४.

रातांबा
आईसाठी एमपी४ करायचीच की. मी म्हणतोय ती दुसरी पायरी. पहिली पायरी आयएसओ.

म्हापशाचा_कॅमेरा
या विषयावर मला बोललंच पाहिजे. मी स्वतः पंचवीस वर्षं शूटिंग केलंय, लग्नं, जत्रा, नाटकं, शिगमो. अबोलीताई, तुमच्याकडच्या त्या ६४ डिस्क कशा तयार झाल्या ते सांगतो, म्हणजे किती जपायला हव्यात ते लक्षात येईल.

त्या काळात आम्ही मिनी डीव्ही कॅसेटवर शूट करायचो. त्यावर सेकंदाला २५ मेगाबिट व्हिडिओ, तासाभराच्या कॅसेटचे कॉम्प्युटरवर १३ जीबी व्हायचे. आता जत्रेचं नाटक रात्री अकराला पडदा उघडला तर पहाटे तीन-साडेतीनपर्यंत चालतं. चार तासांचं नाटक एका ४.७ जीबीच्या डिस्कवर बसवायचं म्हणजे सेकंदाला जेमतेम अडीच मेगाबिट पडतात, जिथे डीव्हीडीला साडेनऊच्या वर चालतात. लोकांना दोन डिस्कचे पैसे नको असायचे, म्हणून आम्ही एकावरच कोंबायचो. आणि कॅसेट? त्या महाग, पुढच्या लग्नाला त्याच परत वापरायच्या. खरंच सांगतो, माझ्याकडे त्या वेळच्या एकाही नाटकाची कॅसेट उरलेली नाही, माझ्या ओळखीच्या कोणाकडेच नाही. म्हणजे तुमच्या बाबांच्या ट्रंकेतली डिस्क हीच मूळ प्रत आहे. आधीच आवळलेलं चित्र आहे, ते परत आवळून मूळ टाकून देऊ नका. रातांबा म्हणतात तेच करा.

अजून एक. काही डिस्क कॉम्प्युटरवर न लिहिता टीव्हीखालच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा छोट्या ८ सेंटिमीटरच्या डिस्कवाल्या हँडीकॅमवर केलेल्या असतील. त्या ‘फायनलाईझ’ केल्या नसतील (रेकॉर्डिंग संपल्यावर डिस्क बंद करायची शेवटची पायरी) तर कॉम्प्युटरला कोऱ्या दिसतात. कोरी दिसली म्हणून फेकू नका आणि विंडोजने फॉरमॅट करायचं का विचारलं तर नाही म्हणा!

अबोली_फोंडा
दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी समजत होते शूटिंगवाल्यांकडे कुठेतरी कॅसेट असेल, विचारलं तर मिळेल.

छोट्या दोन डिस्क आहेत, हो. एकीवर ‘मखर’ एवढंच लिहिलंय, आणि ती कोरीच दिसते. मी ती टाकायच्या पिशवीत ठेवली होती. आत्ता जाऊन काढून आणली.

काळी_चार
ताई, तुमच्या बाबांचं नाव विचारत नाही, पण अंत्रुजात पेटीवर साथ करणारे म्हटल्यावर मी त्यांना ऐकलं असण्याची शक्यता खूप आहे. मी भजनी माणूस, शाळेत असल्यापासून कला अकादमीच्या भजन स्पर्धेत गायलोय. आपल्याकडे साथीदाराचं नाव पत्रिकेत खाली बारीक अक्षरात असतं आणि रेकॉर्डिंग कुठेच नसतं. गायकाची एखादी कॅसेट तरी निघते, पेटीवाल्याची, पखवाजवाल्याची कुठे? तुमच्याकडे ६४ रात्री आहेत. एक विनंती, आवाजाला हात लावू नका. हँडब्रेकमध्ये ऑडिओच्या जागी ‘पासथ्रू’ असा पर्याय असतो, तो निवडला तर डिस्कवरचा एसी३ आवाज तसाच पुढे जातो. नाहीतर परत आवळल्यावर पेटीचा खालचा स्वर आणि टाळांचा आवाज एकमेकांत मिसळून जातो, माझ्या गुरुजींच्या रेकॉर्डिंगचं असंच झालंय, आता ते दुरुस्त होत नाही.

मांडवीकाठ
एवढं सगळं करण्यापेक्षा यूट्यूबवर टाकून मोकळं व्हा. फुकट साठवण, जगभर दिसतं, हार्ड डिस्क बिघडायची भीती नाही.

रातांबा
मांडवीकाठ, दाखवायला यूट्यूब चांगलं, ठेवायला नाही. ते स्वतःच्या पद्धतीने परत एन्कोड करतात, तुम्ही टाकलेली फाईल जशीच्या तशी परत मिळत नाही. आणि नाटकात सिनेमाचं एखादं गाणं वाजलं असेल तर हक्कदाराचा दावा येऊन व्हिडिओ बंद पण होऊ शकतो.

काळी_चार
शिवाय कलाकारांना विचारायला नको का? त्यातले कितीतरी लोक अजून गावात आहेत. त्यांना दाखवून, हो म्हणून घेऊन मग टाकावं.

मांडवीकाठ
बरोबर, पटलं.

लिनक्सबाब
बुरशीवाल्या आणि अडकणाऱ्या डिस्कसाठी इमगबर्न पुरत नाही हो. ते एका वाईट सेक्टरवर (डिस्कवरच्या डेटाच्या छोट्या कप्प्यावर) डोकं आपटत बसतं. अशा डिस्कला जीएनयू डीडीरेस्क्यू हवं. त्याची पद्धत अशी की आधी जे सहज वाचता येतं ते सगळं भराभर वाचून घेतं, वाईट जागा सोडून पुढे जातं, आणि मग शेवटी सोडलेल्या जागांवर परत परत प्रयत्न करतं. कुठला सेक्टर मिळाला, कुठला नाही याची नोंद एका मॅप फाईलमध्ये ठेवतं. त्यामुळे लाईट गेली तरी परत सुरू केल्यावर होतं तिथून पुढे जातं.

आणि खरी गंमत पुढे आहे. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालायची, तीच आयएसओ आणि तीच मॅप फाईल द्यायची, की ते फक्त उरलेले सेक्टर वाचायला जातं. प्रत्येक ड्राइव्हचं लेझर वेगळं, एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. मी एक डिस्क तीन ड्राइव्हमधून फिरवून पुरी केलीय.

ते लिनक्सवर चालतं, पण विंडोज काढायची गरज नाही. उबंटूचा (लिनक्सचाच एक प्रकार) पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा, ‘ट्राय’ म्हणा, इन्स्टॉल नको. तिथे पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू असं आहे, पुढे एक जादा ‘जी’. सेक्टरचा आकार २०४८ द्यायचा. पूर्ण कमांड व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. एवढंच बघा की आयएसओ आणि मॅप दोन्ही फाईली बाहेरच्या हार्ड डिस्कवर जातायत, पेनड्राइव्हवरच्या उबंटूत ठेवल्या तर बंद केल्यावर जातील.

सोलकढी
हे आमच्यासारख्यांना जमेल का पण? कमांड वगैरे.

लिनक्सबाब
दोन ओळी आहेत. तुम्ही सोलकढी करता त्यापेक्षा कमी पायऱ्या. 🙂 आणि अजिबातच नको असेल तर विंडोजवर आयसोबस्टर आहे, ते पण वाईट डिस्क चिकाटीने वाचतं आणि फायनलाईझ न केलेल्या डिस्कवरचंही दाखवतं, रेकॉर्डरवाल्या व्हीआरओ फाईली ओळखतं. काही गोष्टींना लायसन्स घ्यावं लागतं, पण डिस्कवर काय आहे ते बघायला पैसे लागत नाहीत. अबोलीताईंच्या त्या ‘मखर’ला हेच लावून बघा.

मडगावची_मालन
दुकानातून घेतलेल्या सिनेमांचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. त्या डिस्कवर सीएसएस नावाचं कुलूप असतं, म्हणून नुसत्या फाईली कॉपी केल्या तर चित्राचा चिखल दिसतो. हँडब्रेक स्वतःहून ते कुलूप उघडत नाही. मेकएमकेव्ही उघडतं, आणि डीव्हीडीसाठी ते फुकट आहे (ब्लू-रेचे पैसे पडतात). ते एन्कोड न करता चित्र-आवाज-सबटायटल उचलून एमकेव्हीत ठेवतं, दर्जा जसाच्या तसा. फक्त मेनू जातो. जुने लोक अजून डीव्हीडी श्रिंक सुचवतात, ते ८.५ जीबीची डिस्क दाबून ४.७ वर बसवायला होतं, २००४ नंतर त्यात काही नवं झालेलं नाही, आता हार्ड डिस्क एवढ्या स्वस्त झाल्यावर त्याची गरज उरली नाही.

कायद्याचं विचाराल तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. कुलूप तोडणं गुन्हा आहे, पण ‘हक्कभंग करण्याच्या हेतूने’ तोडलं तर, असे त्यातले शब्द आहेत. आणि कलम ५२ मध्ये खाजगी वापराला सूट आहे. मी वकील नाही, पण माझी समजूत साधी आहे: स्वतः पैसे देऊन घेतलेली डिस्क, घरात बघण्यापुरती प्रत, मूळ डिस्क कपाटात. ती प्रत कोणाला द्यायची नाही.

हे मी कळकळीने सांगते कारण आमच्या मडगावात तियात्रांच्या (कोंकणी नाटकांच्या) व्हीसीडी-डीव्हीडी विकल्या जायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या नकला बाजारात यायच्या. माझे शेजारी तियात्रात काम करायचे. एक डिस्क विकली गेली की किती सुटतात आणि नकलेने किती जातात ते त्यांच्या तोंडून ऐकलंय. बाबांचं नाटक आणि बाजारातलं तियात्र यात फरक ठेवा.

डिचोलीकर
मालनताई, रीजनचं (डिस्क कुठल्या देशांत चालते त्याच्या नंबरचं) पण सांगा ना. माझा मामा लिस्बनला, त्याने पाठवलेली डिस्क इथे लागतच नाही.

मडगावची_मालन
पोर्तुगाल रीजन २, आखातातले देश पण २, आणि आपण ५. म्हणून गोव्यात निम्म्या घरांत न लागणारी डिस्क असते. ड्राइव्हचा रीजन बदलता येतो पण पाचच वेळा, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. तेव्हा मामाच्या एका डिस्कसाठी बदलू नका, आधी व्हीएलसीत लावून बघा.

अबोली_फोंडा
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं. काल संध्याकाळी बसले. सोलकढीताई म्हणतात तशा दहा डिस्क धुतल्या, आठ एकदम स्वच्छ झाल्या, दोनांची जाळी कडेला आतच दिसते. इमगबर्नने सहांच्या आयएसओ केल्या, एकेकीला बारा-पंधरा मिनिटं लागली. मग एक पेनड्राइव्हवर घालून बहिणीला द्यायला गेले तर ‘फाईल फार मोठी आहे’ असं येतं. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, रिकामा आहे! खराब आहे का?

डिचोलीकर
खराब नाही. तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाईल बसत नाही. राईट क्लिक करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, बसेल. जुन्या टीव्हीला एक्सफॅट कळत नाही कधी कधी, त्याला एनटीएफएस करून बघा.

रातांबा
आणि आयएसओ झाल्या झाल्या एक काम करा. सेव्हन-झिप बसवलं असेल तर फाईलवर राईट क्लिक केलं की सीआरसी एसएचए असा पर्याय येतो, तिथून एसएचए-२५६ (फाईलचा बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून एका वहीत नाही, एका टेक्स्ट फाईलमध्ये ठेवा. दोन वर्षांनी परत काढून ताडून बघायचं, अक्षर न अक्षर जुळलं म्हणजे फाईल शाबूत. प्रती दोन हार्ड डिस्कवर, आणि दोन्ही एकाच घरात नको. आमच्याकडे एक फोंड्याला, एक भावाकडे मडगावला. परत डीव्हीडीवर लिहून ठेवायचा विचार असेल तर करू नका, लिहिता येणाऱ्या डिस्कमधला रंग आपल्या दमट हवेत कधी दगा देईल सांगता येत नाही, त्यामुळेच तर ही वेळ आलीय.

हँडब्रेकला जाल तेव्हा: एमपी४, एच.२६४ (२६५ जुन्या टीव्हीला चालत नाही), क्वालिटी आरएफ २० किंवा १८ (आकडा कमी तेवढं चित्र चांगलं), आणि डीइंटरलेस किंवा डीकोंब चालू ठेवा. नाहीतर नटाने हात हलवला की कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा येतात. जुन्या अंधाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये दाणे असतात त्यामुळे कधी कधी एमपी४ मूळ फाईलएवढीच होते, तसं झालं तर ते चुकलंय असं समजू नका.

म्हापशाचा_कॅमेरा
रातांबा, नाटकांना आरएफ १८च. रंगमंच, लाल-निळे दिवे, काळोखी पार्श्वभूमी, इथे २२ वर ठेवलं की काळ्यात पायऱ्या दिसतात. लग्नाला २० चालेल.

अबोलीताई, छोट्या डिस्क लॅपटॉपच्या फटीतून ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, आत अडकतात. ट्रेवाल्यातच, मधल्या लहान गोलात. आणि मला व्यनि करा, माझ्याकडे दोन जुने छोट्या डिस्कचे हँडीकॅम आहेत, चालू आहेत. आधी आयसोबस्टरने प्रतिमा काढून घ्या, मग म्हापशाला आणा, त्याच कंपनीचा कॅमेरा निघाला तर फायनलाईझ करून बघू.

(तीन आठवड्यांनी)

अबोली_फोंडा
उशीर झाला लिहायला, चवथ आली, पाहुणे आले. पण काम थांबवलं नाही.

६४ पैकी ५९ पूर्ण झाल्या. सॉफ्टवेअर विचारायला आले होते, शेवटी चार वापरली: चांगल्या डिस्कना इमगबर्न, वाईटांना डीडीरेस्क्यू, सिनेमांना मेकएमकेव्ही, आणि आईच्या टीव्हीसाठी हँडब्रेक. एकच घेऊन भागलं नसतं.

लिनक्सबाब, तुमच्या दोन ओळी मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्यात. जी डिस्क मी पहिल्या दिवशी सांगितली होती, दुसऱ्या पदाला अडकणारी, ती यजमानांच्या कॉम्प्युटरवर लावली तर ११ एमबी वाचायचे राहिले. म्हापशाच्या दादांच्या हिशोबाने ते अर्ध्या मिनिटाचं काम, आणि नेमकं तेच अर्धं मिनिट. रात्रभर चालू ठेवलं, सकाळी तेवढंच. मग मोठ्या बहिणीचा जुना लॅपटॉप आणला, त्याच मॅप फाईलवर परत लावलं. मी समोर बसून होते, उरलेला आकडा हळूहळू उतरत होता, ११ वरून ७, मग ३, मग एमबीचं केबी झालं. शेवटी ३०० केबी राहिले ते राहिलेच.

मग लावून बघितलं. पदाच्या सुरुवातीला एक सेकंद चौकोन येतात, आणि मग बाबा. मान खाली, डावा हात भात्यावर, नटाने ओळ सोडली की ते ती पेटीवर तशीच उचलतात आणि शेवटचा स्वर थोडा लांबवतात, घरी रियाजाला बसायचे तेव्हा करायचे अगदी तसं. आई शेजारी बसली होती. तिने तेवढा तुकडा सहा वेळा लावायला सांगितला.

‘मखर’वाली डिस्क म्हापशाला नेली होती. दादांच्या दुसऱ्या कॅमेऱ्याने ती घेतली. वीस मिनिटांचं आहे, देवळातलं मखर (देवाला बसवून झुलवतात ते) हलतंय, बाजूला कीर्तन, आणि बाबा मागे एका खांबाला टेकून पेटीवर. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. दादांनी पैसे घेतले नाहीत, चहा पण त्यांनीच दिला. देव बरें करूं.

पाच डिस्क अजून बाकी आहेत, त्यातल्या दोनांचा कडेचा थर सुटलाय, त्या कुठल्याच ड्राइव्हला दिसत नाहीत. तीन चालू आहेत. सगळ्यांची गावं आणि नाटकं लिहून यादी खाली डकवते, कोणाला ओळखीचं काही दिसलं तर सांगा.

काळी_चार
खांबाला टेकून पेटीवर. हे वाचून मी थोडा वेळ तसाच बसलो. ताई, त्या मखराच्या कीर्तनाचा आवाज वेगळा काढून डब्ल्यूएव्हीत ठेवा, मी मदत करतो.

लिनक्सबाब
३०० केबीवर थांबू नका. डिस्क परत एकदा पुसा, आणि तिसरा ड्राइव्ह. माझा बाहेरचा यूएसबीवाला पणजीला आहे, महिनाभर घेऊन जा. आणि त्या थर सुटलेल्या दोन फेकू नका, कोरड्या डब्यात वेगळ्या ठेवा.

पेडण्याचा_पखवाज
नमस्कार. मी इथे नुसता वाचत असतो, कधी लिहिलं नाही. यादीतला ४१ नंबर आमच्या गावच्या जत्रेचा आहे. २००७ ची जत्रा. त्या वर्षी नेहमीचा पेटीवाला आजारी पडला म्हणून फोंड्याहून एकजण आले होते, मला आठवतं, कारण मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि विंगेत बसून बघत होतो. त्या नाटकात माझ्या वडिलांनी राजाचं काम केलं होतं. ते त्यांचं शेवटचं नाटक. आमच्याकडे फोटो आहेत दोन, बाकी काही नाही. ताई, ४१ नंबर वाचता आला का?

अबोली_फोंडा
आला. पूर्ण, एक सेक्टर पण गेलेला नाही. तीन तास पन्नास मिनिटांचं आहे, राजा दुसऱ्या अंकात येतो आणि शेवटपर्यंत आहे. आत्ताच लावून खात्री केली.

दसऱ्याच्या आधी कधीपण या, फोंडा बसस्टँडवर उतरून फोन करा, नंबर व्यनि केलाय. पेनड्राइव्ह आणा, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून. आयएसओ पण देते आणि टीव्हीवर लावायची पण. आणि तुमच्या गावात त्या वर्षीचे अजून कोण कोण आहेत त्यांना सांगून ठेवा.

पेडण्याचा_पखवाज
येतो. रविवारी येतो. आई पण येईल म्हणते.